पेंटर मामा, तो हिरवा गाल तुमचाच

पेंटर मामा,
नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण चूकही चारचौघांतच केली. गेल्या महिन्यात माझ्या प्रदर्शनात एकानं विचारलं, "चेहऱ्याला असे भडक रंग लावायचं धाडस कुठून आलं?" मी माईक धरला आणि मातीस या फ्रेंच चित्रकाराचं नाव घेतलं. लोकांनी माना डोलावल्या. रात्री ब्रश धुताना माझी मलाच लाज वाटली.

खरं उत्तर सोलापुरात, थेटरामागं तुम्ही सिनेमाचे बोर्ड रंगवायचात, त्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथं यायचे. तुम्ही कापडाला सरस आणि खडूचा हात देऊन ठेवलेला असायचा. फोटोवर पेन्सिलीच्या चौकटी, कापडावर निळीत बुडवलेल्या दोरीच्या. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. तुम्ही ती ताणून फट्‌कन सोडायचात आणि माझा फ्रॉक निळा व्हायचा. त्यापायी आईची किती बोलणी खाल्ली, ते राहू द्या.

एकदा व्हिलनचं तोंड चाललं होतं. माझ्यापेक्षा उंच तोंड. गालावर चक्क हिरवा, डोळ्याखाली जांभळा, ओठाच्या कडेला नारिंगी. मी म्हटलं, "मामा, माणसाचा गाल हिरवा असतो का?" तुम्ही विडी न काढताच म्हणालात, "रस्ता ओलांड. मग बोल की." रिक्षा चुकवत मी पलीकडच्या पानटपरीपाशी गेले, वळून पाहिलं, आणि घाबरले. हिरवा कुठं दिसेचना. दिसत होता तो फक्त राग.

परत आल्यावर एवढंच बोललात, "सावलीला काळा घालायचा नाही. काळ्यानं तोंड मरतं."

पुढं कॉलेजात सरांनी मातीसचं 1905 सालचं चित्र दाखवलं. बायकोच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकावरून खाली ओढलेला हिरवा पट्टा. त्या काळी पॅरिसमध्ये असल्या रंगांच्या चित्रकारांना 'रानटी जनावरं' म्हणाले होते. वर्गातली पोरं अवाक. मला मात्र हसू आलं. हे आमच्या मामांचं काम, मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, तिथंच चुकलं.

तुम्ही सांगायचात, "हुसेन आपल्या पंढरपूरचा. तोही मुंबईत सिनेमाचे बोर्डच रंगवायचा." मला ती फुशारकी वाटायची. पण खरंच निघालं की सगळं. चित्रकार एम. एफ. हुसेन: 1915 साली पंढरपुरात जन्म, मुंबईत बोर्ड, मग 1947 मध्ये सूझा, रझा, आरा यांच्यासोबत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं 1955 चं 'जमीन' पाहिलं. चांगलं लांबलचक चित्र आहे. सवयीनं मी मागं मागं सरकत राहिले, तर राखणदार संशयानं बघायला लागला. त्याला काय सांगणार, रस्ता ओलांडतेय म्हणून?

आणि अप्पांचं. लूमवर आयुष्य गेलेल्या माणसाला पोरीनं चित्रकला शिकायची म्हणजे काय, ते कळेना. "रंग सुताला लावतात," एवढंच म्हणायचे. तुम्ही आमच्या पूर्व भागातल्या घरी आलात, कडक भाकरी नि शेंगाचटणी खाल्लीत, इकडचं तिकडचं बोललात, आणि उठताना इंटरमिजिएटच्या परीक्षेचा माझा कागद अप्पांच्या हातात दिलात. फीची पावती आधीच फाडलेली. अप्पा त्यावर काही बोलले नाहीत. फॉर्मवर सही मात्र केली.

फ्लेक्स आलं, शेड बंद झाली, तुम्ही ट्रकच्या पाटीवर नंबर आणि 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला लागलात. त्या वर्षांत मी एकदाही आले नाही. त्याला कारण नाही, म्हणून देत नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी येतेय. अप्पांचं चित्र केलंय, सात फुटी, गाल हिरवा. तुमच्या खोलीत मावणार नाही, तेव्हा बोळात भिंतीला टेकवू. तुमची खुर्ची मी समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी टाकते. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा.

तुमची,
निळ्या फ्रॉकवाली