तोटा आणि पुढची ऑर्डर यांच्यामधली पंधरा मिनिटे

मा. संपादक,
स. न.

शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवर केलेल्या मुदतीच्या करारांमध्ये, सामान्य माणसाचे पैसे बुडतात, ही आता बातमी राहिलेली नाही. बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 1 कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. 1 जुलै 2023 पासून ‘10 पैकी 9 जणांना तोटा होतो’ हा इशारा लॉगिन करतानाच दाखवणे ब्रोकरांना बंधनकारक आहे. लोक तो बघतात, बोटाने बाजूला सारतात आणि पुढे जातात. त्या अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद मात्र वेगळी आहे : लागोपाठ वर्षे तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी हे ट्रेडिंग चालूच ठेवले.

यावर ‘अभ्यास कमी पडतो’ असे सांगून आणखी एक कोर्स गळ्यात मारला जातो. पण चार्ट उत्तम वाचणारी माणसेही याच वाटेने जातात. पहिला तोटा बहुधा साधा असतो, पेलण्यासारखा असतो. घात होतो तो त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत.

एक्स्पायरीचा, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा, मंगळवार घ्या. सकाळी 9.40 ला घेतलेल्या निफ्टीच्या कॉलमध्ये, म्हणजे निर्देशांक चढला तर फायदा देणाऱ्या ऑप्शनमध्ये, 1,800 रुपये गेले. ॲपमध्ये तो आकडा लाल अक्षरांत समोर बसलेला. पाचच मिनिटांत उलट बाजूचा, निर्देशांक पडला तर फायदा देणारा पुट, आणि या वेळी दोन लॉट (लॉट म्हणजे एकत्रच घ्यावे लागणारे ठरलेले नग), कारण एका लॉटमध्ये 1,800 भरून निघायला वेळ लागेल. भाव उतरतो तसा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच लावलेला विक्रीचा भाव, आधी थोडा खाली सरकतो, मग काढूनच टाकला जातो. दुपारी अडीचला 6 रुपयांच्या ऑप्शनचे दहा लॉट, ज्याला ट्रेडर ‘हिरो-झिरो’ म्हणतात, लागला तर घबाड नाहीतर सगळे शून्य. साडेतीनला त्याचा भाव 5 पैसे. दिवसभरातला एकच सौदा, सकाळचा, विचार करून झालेला होता.

डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की माणूस फायद्यात असताना जपून वागतो आणि तोट्यात असताना नेमका धोका वाढवतो. म्हणून नफ्याचा सौदा 400 रुपयांवर कापला जातो आणि तोट्याचा ‘येईल परत’ म्हणत धरून ठेवला जातो. मोठा फायदाही तितकाच नडतो. एकदा दिवसात 15,000 सुटले, की दुसऱ्या दिवशी लॉट दुप्पट होतात. मधूनच, कधी लागेल याचा नेम नसलेले बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे तर जुगाराच्या यंत्रांनी कधीच सिद्ध केले आहे.

छोट्या भांडवलाचे गणित मात्र कोणी नीट मांडत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतो. ‘एका सौद्यात भांडवलाच्या 1 टक्क्याहून जास्त धोका नको’ हा नियम सगळे शिकवतात. भांडवल 50,000 असेल, तर 1 टक्का म्हणजे 500 रुपये. लॉटचा आकार बदलत असतो. 75 चा धरू. 500 भागिले 75, म्हणजे स्टॉपलॉस खरेदीच्या भावाखाली फक्त 6 रुपये 67 पैशांवर. 120 रुपयांचा ऑप्शन चालत्या बाजारात एवढा तर एका मिनिटात हलतो. म्हणजे स्टॉपलॉस नियमाप्रमाणे लावला तर तो सतत उडणार, आणि लांब लावला तर नियम मोडणार. एवढ्या भांडवलावर ही शिस्त पाळताच येत नाही, आणि माणूस मात्र ‘माझ्यात शिस्त नाही’ म्हणून स्वतःलाच दोष देत बसतो.

त्यात खर्च आला. ब्रोकरेज ऑर्डरमागे 20 रुपये धरले, तर घेऊन विकण्याचे 40, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 47 रुपये 20 पैसे. सौद्यांवरचा एसटीटी हा कर, एक्स्चेंजचे शुल्क, स्टॅम्प ड्युटी वेगळी. दिवसाला 12 सौदे आणि महिन्याला 20 दिवस धरले, तर 11,328 रुपये नुसते ब्रोकरेज आणि त्यावरच्या जीएसटीचे. 50,000 च्या भांडवलातले 22 टक्क्यांहून जास्त दर महिन्याला असे जात असतील, तर बाजाराचा अंदाज बरोबर येऊनही माणूस बुडेल.

मग करायचे काय? आधी ब्रोकरच्या साइटवरून मागच्या तीन महिन्यांचे ट्रेडबुक, म्हणजे सगळ्या सौद्यांची नोंद, एक्सेलमध्ये उतरवून घ्यावे. तोट्याचा सौदा बंद झाल्यापासून 15 मिनिटांच्या आत गेलेली प्रत्येक ऑर्डर रंगवावी आणि त्या ऑर्डरींचा नफा-तोटा वेगळा काढावा. कामाला एक संध्याकाळ लागते. अनेकांचा बहुतेक तोटा या रंगवलेल्या ओळींत सापडतो. स्वतःच्या हिशेबातला हा आकडा कुठल्याही इशाऱ्यापेक्षा जास्त बोलतो.

त्यानंतर नियम एकच करावा. भिंतीवर दहा नियम चिकटवणाऱ्यांचे तीन दिवसांत सगळे मोडतात, कारण पहिला मोडला की ‘आता काय, आजचा दिवस गेलाच’ असे होऊन बाकीचेही जातात. नियम ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा हवा : दोन सौदे तोट्यात गेले, की ब्रोकरकडचे ट्रेडिंग तात्पुरते बंद करणारा किल स्विच दाबीन, फोन घरात ठेवीन आणि अर्धा तास बाहेर चालून येईन. ‘संयम ठेवीन’ हा नियम नव्हे, कारण तो नेमका केव्हा आणि कसा पाळायचा हेच त्यात नाही.

बाकी मदार मनावर न ठेवता अडथळ्यांवर ठेवावी, आणि ते अडथळे रविवारी, बाजार बंद असताना उभे करावेत. ट्रेडिंगला पगाराचे खाते न जोडता वेगळे बँक खाते जोडावे आणि त्यात महिन्याची ठरलेली रक्कमच ठेवावी. फोनमधले ॲप काढून फक्त संगणकावरून लॉगिन करावे. सवय हाताबाहेर गेली असेल, तर खात्यातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा (एफ अँड ओ) सेगमेंटच बंद करून घ्यावा. हे सगळे करताना एक फट राहते, ती म्हणजे दुसऱ्या ब्रोकरकडचे खाते. एकीकडे किल स्विच दाबून पाच मिनिटांत दुसरीकडे पैसे टाकणारे पुष्कळ आहेत. ते खाते आधी बंद करावे.

घरच्यांसाठीही थोडे. तोटा लपवला जातो तो लाजेपोटी. लाजेपोटीच तो आयकर विवरणपत्रातही दाखवला जात नाही, आणि मुदतीत विवरणपत्र भरले असते तर पुढची 8 वर्षे ओढून नफ्यातून वजा करता आला असता असा व्यवसायातला तोटा वाया जातो. म्हणून आकडा विचारावा, पण आरडाओरडा न करता. कर्ज झाले असेल, तर दागिने मोडून ते एका दमात फेडू नये. त्याने क्रेडिट कार्ड आणि लोन ॲपची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. आधी ती कार्डे आणि ॲप बंद, मग हप्त्यांची बोलणी. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघत असेल, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तो लगेच लावावा.

नोव्हेंबर 2024 पासून सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाच्या साप्ताहिक एक्स्पायरीची परवानगी ठेवली आणि कराराचा किमान आकार 15 लाखांवर नेला. पावले योग्यच आहेत, पण ती सौद्याचे ठिकाण आणि आकार बदलतात. तोटा आणि पुढची ऑर्डर यांच्यामधली वेळ तशीच राहते. आपल्या पत्रामार्फत सेबीकडे मागणी अशी, की किल स्विच ब्रोकरपुरता न राहता पॅन क्रमांकाला जोडावा. गुंतवणूकदाराने स्वतः ठरवलेली दिवसाची तोट्याची मर्यादा ओलांडली, की त्याच्या सगळ्या ब्रोकरांकडची नवा सौदा सुरू करण्याची सोय दुसऱ्या दिवसापर्यंत बंद व्हावी. ती मर्यादा कमी करायची तर त्याच क्षणी करता यावी. वाढवायची असेल तर सात दिवस थांबावे लागावे.

आपला,
एक वाचक, सांगली