सायकलला आरसा असावा, आणि तो नीट बसवलेला असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की हेल्मेट, मागचा लाल दिवा, चमकणारे जाकीट ही नावे लगेच पुढे येतात. मागून येणारे वाहन स्वाराला कसे दिसणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. दिवा आणि जाकीट असते ते इतरांनी आपल्याला पाहावे म्हणून. आपण मागच्याला पाहावे यासाठी सायकलवर आरशाखेरीज काही नसते, आणि नेमका तोच बसवलेला नसतो. किंवा बसवून महिनाभरात काढून ठेवलेला असतो. हे पत्र मुख्यतः त्या काढून ठेवलेल्या आरशांबद्दल आहे. ‘काही दिसत नाही’, ‘सारखा थरथरतो’, ‘रोज फिरतो’ या तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांचे मूळ निवडीत किंवा बसवण्यात असते आणि बहुतेक वेळा दहा मिनिटांत त्या मिटतात.

ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. मान वळवून मागे बघायचे आणि पुन्हा समोर यायचे, यात एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात ५ मीटर रस्ता न बघता मागे पडलेला असतो. खड्ड्यात चाक जायला किंवा उभ्या मोटारीचे दार समोर उघडायला तेवढे अंतर पुरते. शिवाय उजव्या खांद्यावरून मागे पाहताना धड वळते, धडाबरोबर उजवा हात मागे ओढला जातो आणि हँडल उजवीकडे फिरते. ज्या बाजूने वाहन येत असते त्याच बाजूला सायकल हात-दीड हात सरकते. मान आखडलेल्या किंवा वय झालेल्या स्वाराची मान तर पुरती वळतच नाही. कानावरही फार भिस्त ठेवता येत नाही. वेग थोडा वाढला की कानाशी वारा घोंगावतो, आणि विजेवर चालणारी वाहने शेजारी येईपर्यंत कळत नाहीत.

मागचे वाहन ताशी ६० ने येत असेल आणि आपण १८ ने जात असू, तर दोघांतले अंतर सेकंदाला साडेअकरा मीटरहून अधिक वेगाने कमी होते. ५० मीटर मागे दिसलेली मोटार सव्वाचार सेकंदांत आपल्याला गाठते. म्हणून मागचे चित्र सतत ताजे असावे लागते, आणि मान वळवून ते सतत ताजे ठेवणे कोणालाच जमणारे नाही.

वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे आरसा उजव्या हाताला लागतो, उजव्या बाजूने चालतात त्या देशांत डाव्या. पुढे सगळीकडे उजवी बाजू धरली आहे.

पहिली चूक होते ती काच निवडताना. सपाट आरशात वस्तू खऱ्या आकाराची दिसते, पण हँडलवर तो डोळ्यापासून साधारण ७० सेंटिमीटर लांब असतो. ७ सेंटिमीटर रुंदीच्या सपाट आरशात तिथून जेमतेम ६ अंशांचा पट्टा दिसतो. २० मीटर मागे त्या पट्ट्याची रुंदी दोन मीटरच्या आसपास भरते, म्हणजे एक मोटार मावेल इतकीच. हँडल किंचित हलले की तीही पट्ट्याबाहेर जाते. ‘काही दिसत नाही’ ही तक्रार बहुधा इथून आलेली असते. हँडलसाठी बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर काचेचा, आरसाच घ्यावा. वक्रता त्रिज्या जितकी लहान, तितका हा फुगवटा जास्त. ४० सेंटिमीटर वक्रता त्रिज्येचा तेवढाच आरसा त्याच जागी सुमारे २५ अंश दाखवतो, २० मीटर मागे जवळपास ९ मीटर रुंदी. याची किंमतही तितकीच मोजावी लागते. त्यात वाहन साधारण साडेचार पट लहान दिसते, म्हणजे २० मीटरवरची मोटार ९० मीटरवर असल्यासारखी भासते. ६० सेंटिमीटर त्रिज्येचा आरसा सुमारे १९ अंश दाखवतो आणि वस्तू सव्वातीन पट लहान करतो. गर्दीच्या रस्त्यावर पहिला सोयीचा, मोकळ्या वेगवान रस्त्यावर दुसरा. वेष्टनावर त्रिज्या लिहिलेली नसली तर आरसा हातभर अंतरावर धरावा आणि त्यातला चेहरा तेवढ्याच अंतरावरच्या घरच्या आरशातल्या चेहऱ्याशी ताडून पाहावा. जितका लहान, तितकी वक्रता जास्त.

लहान दिसणाऱ्या वाहनाचा अंदाज डोळ्याला शिकवावा लागतो, आणि तो एका संध्याकाळी शिकवता येतो. मोकळ्या जागी सायकलवर बसावे आणि कोणाला तरी स्कूटर घेऊन मागे १०, २० आणि ४० पावलांवर उभे राहायला सांगावे. प्रत्येक ठिकाणी आरशात स्कूटर बोटाच्या कितव्या पेराएवढी दिसते हे पाहून ठेवावे. असे केलेला माणूस ‘अजून लांब आहे’ म्हणून खड्डा चुकवायला बाहेर येत नाही.

चाळिशीचा चष्मा असलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सपाट आरशातली प्रतिमा वस्तूइतकीच दूर असते, त्यामुळे डोळ्याला दूरचीच नजर लागते. बहिर्वक्र आरशातली प्रतिमा मात्र काचेमागे काही सेंटिमीटरवरच तयार होते. ४० सेंटिमीटर त्रिज्येच्या आरशात ती डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर येते. दूरच्या चष्म्यातून ती काहींना पुसट दिसते आणि दोष आरशाला दिला जातो. अशांनी कमी वक्रतेचा, आकाराने मोठा आरसा घ्यावा, किंवा हेल्मेटवरचा लहान सपाट आरसा वापरावा. ४ सेंटिमीटरचा सपाट आरसा डोळ्यापासून ९ सेंटिमीटरवर असला तर तोही २५ अंशांच्या आसपास दाखवतो, आणि आकार खरा राहतो. स्वतःचा कान आणि गाल त्यातला काही भाग खातात, ते मान जराशी हलवून भरून निघते. चष्मा दुहेरी भिंगांचा असेल तर आरसा भुवईच्या रेषेत ठेवावा, म्हणजे नजर वरच्या, दूरच्या भिंगातून जाते. या आरशाची सवय व्हायला काही दिवस लागतात आणि उजव्या डोळ्याची दृष्टी चांगली असावी लागते. तो नाजूक दांडीवर, धक्का लागताच निसटेल असाच असावा, कारण पडताना तो डोळ्याजवळ असतो. तारेची टोके वळवून बोथट केलेली हवीत. हेल्मेटवर तो पट्टीने किंवा भोकांतून ओवलेल्या प्लॅस्टिकच्या बंधाने बसवावा. दिसेल त्या गोंदाने चिकटवू नये. कित्येक गोंदांतले द्रावक हेल्मेटचे कवच आणि आतला फोम खातात, आणि ते वरून कळतही नाही.

हँडलवर बसवताना आधी व्यास पाहावा. सरळ हँडलचा मुठीकडचा भाग बहुधा २२.२ मिलिमीटरचा असतो, खाली वळलेल्या रेसिंग हँडलचा २३.८. आरसा हँडलला धरणारे कडे, म्हणजे क्लॅम्प, मोठा असेल आणि तो नुसता आवळत गेले तर त्याचे कान जुळतात, पण पकड येत नाही. मधल्या फटीत जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळावी. पट्टीचे टोक टोकावर चढू देऊ नये, नाहीतर तिथे उंचवटा येऊन क्लॅम्प तिरका बसतो. जागा मूठ आणि ब्रेक लिव्हर यांच्या मधली. आवळल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून केबल कुठे अडकत नाही ना, आणि लिव्हर शेवटपर्यंत दाबता येते ना, हे पाहावे. रॉड ब्रेकच्या जुन्या घडणीच्या सायकलला जास्त जपावे लागते. तिथे ब्रेकची सळई हँडलखालून जाते आणि तिला फिरायला मोकळीक लागते. क्लॅम्पने दांडा आणि सळई एकत्र आवळली गेली की ब्रेक दाबला तर लागत नाही, किंवा लागलेला सुटत नाही.

हँडलच्या टोकात खोचायचा आरसा आमच्या मते सरळ हँडलसाठी सगळ्यांत चांगला. त्याची दांडी आखूड असते म्हणून तो कमी थरथरतो, आणि बाहेर असल्याने कोपर आड येत नाही. मुठीचे टोक बंद असेल तर धारदार पात्याने गोल कापून उघडावे. पाइपच्या आतला व्यास मोजूनच प्लग, म्हणजे आरशाचा पाइपात शिरणारा भाग, घ्यावा. ॲल्युमिनियमचा पाइप जाड भिंतीचा असतो, त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या लोखंडी पाइपपेक्षा त्याचे भोक लहान निघते. आतले तेल आणि धूळ कोरड्या फडक्याने काढावी, प्लग खोचावा आणि ॲलन कीने आवळावा. आतली पाचर रुंदावत जाऊन पाइपला धरते. प्लग गोल फिरत राहिला तर बहुधा आत तेलकटपणा उरलेला असतो. कार्बनच्या हँडलमध्ये पाचर आवळू नये, आतून दाब आल्याने तंतू फाटतात. आणि आरसा काढला तर टोपण परत बसवल्याशिवाय सायकल चालवू नये. पाइपचे उघडे टोक पडताना पोटात घुसते, ही ऐकीव भीती नव्हे.

आता कोन लावणे. इथे सगळ्यांची घाई होते. सायकल स्टँडवर उभी करून, शेजारी उभे राहून लावलेला आरसा स्वार बसल्यावर आभाळ दाखवतो. सीटची उंची आधी कायम करावी, कारण ती दोन सेंटिमीटर बदलली तरी कोन बदलतो. मग कोणाला तरी पुढून सायकल धरायला सांगून, पाय पेडलवर आणि दोन्ही हात मुठीवर ठेवून, नेहमीच्या वाकात बसावे. आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या दंडाची किंवा खांद्याची बारीक कड दिसावी, पाचव्या हिश्शाहून जास्त नाही. ती कड असली की आरसा हलल्याचे लगेच लक्षात येते. क्षितिज मध्यापेक्षा थोडे वर यावे. मग त्या मदतनिसाने मागे १५ पावले जाऊन रस्त्याच्या डाव्या कडेपासून उजवीकडे चालत जावे, आणि पुढे आपल्या शेजारी यावे. तो आरशातून जिथे नाहीसा होतो ती जागा नीट ध्यानात ठेवावी. तीच आंधळी जागा, आणि ती प्रत्येक आरशाला असते. दहा मिनिटे सायकल चालवल्यावर पाठ थोडी वाकते, तेव्हा थांबून पुन्हा एकदा कोन पाहावा. शेवटी क्लॅम्पवर आणि दांड्यावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. कोणी आरसा फिरवला तर रेघ जुळवली की काम झाले.

थरथर दांडीच्या लांबीबरोबर वाढते. आधी दांडी आखडावी. तरीही थरथरत असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलच्या बेअरिंगमध्ये खटखट जाणवली तर ती सैल आहेत, आणि तो दोष आरशाहून गंभीर आहे. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असली तरी बारीक कंप येतो. आरसा ज्यावर फिरतो तो गोळीचा सांधा (बॉल जॉइंट) रोज ढळत असेल तर गोळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळावा. त्यात ग्रीस घालू नये, गोळी घर्षणावरच उभी असते. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचे द्रव प्लॅस्टिकच्या सांध्यात घालू नये, त्याने प्लॅस्टिकला तडे जातात.

आरशात बघायचे ते अर्ध्या सेकंदापुरते, आणि पुढचा रस्ता मोकळा असतानाच. दुसऱ्यांदा बघितल्यावर वाहन मोठे झाले का, यावरून त्याचा वेग कळतो. एका नजरेत फक्त ते आहे एवढेच कळते. जागा बदलायची असेल तर आधी आरसा, मग हाताने इशारा, मग खांद्यावरून एक झटकन नजर, आणि त्यानंतर हँडल. आंधळ्या जागेतली मोटारसायकल आरशात येत नाही, म्हणून खांद्यावरची नजर सुटत नाही. आरसा असला की ती केव्हा टाकायची हे कळते, एवढेच. ज्याला अजून सरळ रेषेत सायकल चालवता येत नाही अशा मुलाला आरसा देऊ नये. ते आरशातच बघत बसते.

रात्री आरशात वाहन दिसत नाही, दिवे दिसतात. दोन दिव्यांमधली फट रुंदावत असेल तर वाहन जवळ येत आहे. एकच दिवा म्हणजे मोटारसायकल असे धरून चालू नये, एक दिवा गेलेला ट्रकही तसाच दिसतो. झोत डोळ्यांवर येत असेल तर आरसा किंचित खाली झुकवावा. आरसा आहे म्हणून मागचा लाल परावर्तक काढणारे काही जण भेटतात. परावर्तक प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो, आरसा तसे करत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत.

काच ॲक्रिलिकची असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नये, धुळीचे ओरखडे कायम राहतात. आधी पाणी, मग मऊ कापड. थिनर आणि पेट्रोल लांबच ठेवावे.

युरोपात ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मोटरची साथ देणाऱ्या वेगवान ई-सायकलींना आरसा सक्तीचा आहे. साध्या सायकलला सक्ती करावी असे आमचे म्हणणे नाही. आमची विनंती सायकल विकणाऱ्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना आहे. आरसा पिशवीत घालून देऊ नका. गिऱ्हाइकाला सीटवर बसवा, उंची ठरवा, आरसा त्याच्या डोळ्याला लावून द्या, आणि कोणाला तरी मागून चालायला लावून आंधळी जागा त्याला तिथेच दाखवा.

आपले,
काही सायकलस्वार वाचक