ते पंधरा हजार आईच्या ऑपरेशनसाठी नव्हते

प्रिय संत्या,

एवढं लांबलचक पत्र बघून दचकशील, आपण व्हॉट्सॲपवर दोन ओळींच्या पुढे कधी गेलो नाही. पण फोनवर बोललो असतो तर मी परत काहीतरी लपवलं असतं, म्हणून लिहूनच काढतोय. गेल्या दिवाळीत आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून तुझ्याकडून १५,००० घेतले ना, तसं काही ऑपरेशन नव्हतंच रे. आईचे डोळे चांगले आहेत. ते पैसे मी त्याच रात्री रमीत घातले, दोन वाजायच्या आत संपले. माफ कर मला.

लॉकडाउनमध्ये टाइमपास म्हणून सुरू झालं, पहिल्याच आठवड्यात २,२०० जिंकलो आणि तिथंच अडकलो. नंतर नंतर तर जिंकायची मजा पण राहिली नव्हती. उलट अकाउंट शून्य झालं की बरं वाटायचं, चला आता खेळायला काही उरलं नाही, आता झोप लागेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा मी देवाचे आभार मानले, वाटलं सुटलो, आणि आठवड्याभरात टेलिग्रामवर कुणीतरी बाहेरच्या ॲपची लिंक दिली की परत तेच. ॲप बंद झालं होतं, माझ्या आतलं काहीच बंद झालं नव्हतं. शपथा तर किती घेतल्या, आईची, पोरीची, बायबलवर हात ठेवून सुद्धा.

रूथचं मंगळसूत्र आठवतं का तुला, छोटा क्रूस असलेलं, तू लग्नात म्हणाला होतास की असं पहिल्यांदाच बघतोय. ते मी गहाण ठेवलं. तिला सांगितलं पॉलिशला दिलंय. आणि गोल्ड लोनची पावती कुठं लपवली तर माझ्या बायबलच्या झिपच्या कव्हरात, कारण घरात ती एकच जागा अशी होती जी कुणी उघडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः तर नाहीच. गुड फ्रायडेला तिचं बायबल सापडेना म्हणून तिनं माझं घेतलं. बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरची सात वचनं चाललेली, आणि तिनं झिप उघडली. पावती वाचली, घडी घालून परत ठेवली आणि समोर बघत बसली. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "किती?" मी ८०,००० म्हणालो. खरा आकडा ३,४०,००० होता. त्या क्षणी पण मी खोटं बोललो, संत्या.

ईस्टरला प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, रांग पुढे सरकत होती आणि माझे पाय उचलेनात. शेजारी तिचा मोकळा गळा. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. उपासना सुटल्यावर पाळक साहेब आले, काही न विचारता शेजारी बसले, आणि मी सगळं बोललो, पूर्ण आकडा, तुझं नाव पण. ते म्हणाले आता हेच रूथला सांग, मी येतो बरोबर. व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, तिघं गुडघे टेकून बसलो. मी प्रार्थनेत पहिल्यांदा "मी परत कधी खेळणार नाही" असं म्हणालो नाही, "प्रभू, मला हे सुटत नाही, तूच सोडव" एवढंच म्हणालो, आणि रडलो.

बायबलमध्ये पौलानं रोमकरांस पत्रात लिहिलंय ना, जे करायचं ते माझ्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच करतो, ते मी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलं होतं, आता कळलं.

मागच्या महिन्यात आम्ही दौंडजवळच्या केडगावला गेलो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनीच लिहून ठेवलंय की मला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला, स्वतः ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी भेटला. एवढी विद्वान बाई, संस्कृत पंडिता, ती असं म्हणते! मी तर जन्मानं ख्रिस्ती, बाप्तिस्मा तान्हेपणीच, आणि भेट झाली चाळिशीत चर्चच्या पायरीवर. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी तिथं आसरा दिला, काम शिकवलं, छापखाना चालवायला लावला. मुक्ती म्हणजे नुसती सुटका नाही, सुटल्यावर रोज उठून करायचं काम पण असतं हे मला तिथं जाणवलं.

म्हणून काय करतोय ते सांगतो. पगार रूथच्या खात्यात जातो, माझ्याकडे साधा बटणाचा फोन, दर गुरुवारी समुपदेशकाकडे जातो, ते पण पाळक साहेबांनीच सुचवलं. इच्छा येते अजून, रात्री अकरानंतर जास्त. मग रूथला उठवतो, ती डोळे चोळत स्तोत्र वाचते, कधी अर्ध्यातच झोपते. ८६ दिवस झाले.

तू माळकरी घरातला, तुला हे परकं वाटणार नाही. तुझे आजोबा माळ घातल्यावर कसे बदलले ते तूच सांगायचास. आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक पण म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. तुला धर्माचं काही पटवायला लिहीत नाहीये, माझ्याबाबतीत जे घडलं ते तुझ्यापासून लपवायचं नव्हतं.

मंगळसूत्र सुटायला अजून वेळ आहे. तुझे पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला पंधराशे असे देतो, दहा महिन्यांत फिटतील. पहिला हप्ता रूथनं आज सकाळी पाठवलाय, जमा झाला का बघून तिला कळव.

तुझा,
सॅम