आईची थंडी, बाबांची थंडी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन केला होता एका कामासाठी आणि तुमचं भलतंच सुरू झालं. आई म्हणत होती खिडकी लावा, बाबा म्हणत होते हवा येऊ दे. मग बाबांचं ठरलेलं वाक्य आलंच, "एवढी कसली थंडी? हिचं आपलं उगाच!" तेव्हा मी गप्प बसले, कारण तुमच्या मध्ये पडलं की तुम्ही दोघं एक होऊन मलाच धरता. म्हणून लिहायला घेतलं. पत्राला मध्येच "बरं, ते राहू दे" म्हणता येत नाही.

बाबा, आधी तुमच्याशी. आईला थंडी जास्त वाजते यात कांगावा काही नाही. तिची चण लहान, आणि लहान शरीराची त्वचा वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे अंगातली ऊब भराभर बाहेर जाते. ऊब तयार करणारे स्नायूही तिच्याकडे तुमच्यापेक्षा कमीच. शिवाय गारठा जाणवला की शरीर पहिल्यांदा हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं घेतं, म्हणजे हृदय, मेंदू वगैरे आतले अवयव उबदार राहतात. बायकांमध्ये हे जास्त जोरात होतं. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लहानसा अभ्यास आला होता. त्यात बायकांचं अंग आतून पुरुषांपेक्षा किंचित गरमच निघालं, हात मात्र साधारण दीड अंश सेल्सिअसने गार. थोडक्यात, "ताप बघ, अंग तर गरम आहे तुझं" असं तुम्ही तिला म्हणता ते खरं, आणि तिला थंडी वाजतेय हेही खरं.

कारण थंडी वाजते ती मुख्यतः त्वचेला. त्वचेतल्या मज्जातंतूंवर गारवा टिपणारी ग्राहक प्रथिनं असतात. त्यातलं मुख्य प्रथिन २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं, तेही मेंथॉल वापरून. पुढे तापमान आणि स्पर्श कसे कळतात या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेंथॉलचा बाम कपाळाला चोळला की गार वाटतं ते याच प्रथिनामुळे. बाम काही बर्फाचा नसतो, पण मज्जातंतू मेंदूला "गार" म्हणून कळवतो आणि मेंदू मान्य करतो. तेव्हा कोणाला किती गार वाटावं हे भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवून ठरवू नका.

आमच्या ऑफिसात हेच चालतं. पुरुष बाह्या दुमडून बसतात आणि बायका शाली पांघरून. ऑफिसं किती गार ठेवावीत याची जी सूत्रं जगभर वापरली जातात, त्यात शरीरातली ऊब धरताना १९६० च्या दशकातला नमुना घेतला होता, चाळिशीचा, ७० किलो वजनाचा पुरुष. २०१५ मध्ये दोन डच शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं आणि बायकांची ऊब त्यात असते त्यापेक्षा जास्त धरली जाते असं सांगितलं. मी तो लेख आमच्या साहेबांना पाठवला होता. एसी अजून तेवढाच आहे.

आता आई, तू हसू नकोस, पुढचं तुझ्यासाठी आहे. बाबांना थंडी आवडते हा त्यांचा ताठा नाही, त्यांना खरंच मजा येते. मिशेल काबानाक नावाच्या शास्त्रज्ञाने १९७१ साली मांडलं की गार किंवा गरम स्पर्श सुखाचा वाटतो की नकोसा, हे शरीर त्या वेळी आतून कसं आहे यावर ठरतं. अंग तापलेलं असेल तर गार पाण्यात हात घालायला छान वाटतं. तेच अंग गारठलेलं असेल तर तेच पाणी झोंबतं. आता बघ, बाबा खिडकी उघडतात कधी? सकाळी झपाझप चालून आल्यावर. तेव्हा ते भट्टीसारखे तापलेले असतात आणि तू तासभर खुर्चीत पेपर घेऊन बसलेली असतेस. खोली तीच, वेळ तीच, पण दोन शरीरं दोन टोकांना. मला तर वाटतं तुमचं निम्मं भांडण हवेचं नसून वेळेचं आहे. तू चालून ये आणि बाबांना पेपर घेऊन बसव, मग खिडकी लावायला कोण उठतं ते मला कळव.

बाकीचं निम्मं जन्मजात आणि सवयीचं. जगात साधारण पाचातल्या एका माणसाच्या स्नायूंत एक विशिष्ट प्रथिन नसतंच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात बसवलं, तर ते इतरांपेक्षा कमी कुडकुडले आणि त्यांनी अंगातली ऊबही जास्त टिकवली. काहींच्या मानेभोवती आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर तपकिरी चरबी असते. ती साठवणीची नाही, जळून ऊब देणारी. ही फक्त तान्ह्या बाळांत असते असा समज होता, २००९ मध्ये मोठ्या माणसांतही सापडली. आणि रोज काही तास गारव्यात राहिलं तर ती वाढते, थंडीही कमी बोचते. अर्थात हे प्रयोग तरण्याताठ्यांवरचे आहेत. बाबा, तुम्ही यावरून काही नवीन सुरू करायचं नाही!

माझं विचाराल तर मी दोघांचं घेतलंय. हात आईचे, झोप बाबांची. खिडकी थोडी उघडी असल्याशिवाय मला झोप लागत नाही. गारठ्याचं मला काही नाही, पण हिवाळ्यात लवकर अंधार पडला की मी मलूल होते. थंडी आवडत नाही म्हणणाऱ्या पुष्कळ जणांचं खरं वैर या अंधाराशीच असावं. ऋतूबरोबर येणाऱ्या अशा उदासीचं वर्णन डॉक्टरांनी १९८४ मध्येच केलंय, आणि सकाळचा भरपूर उजेड हा त्यावरचा एक उपाय आहे. आई, तुलाही हिवाळ्यात काही करावंसं वाटत नाही म्हणतेस ना? सकाळी उजेडात बसत जा, पेपर तिथेच वाच.

पण ज्यासाठी एवढं लिहिलं ते आत्ता सांगते. मला आईच्या थंडीपेक्षा बाबांच्या 'मला काही होत नाही'ची काळजी जास्त आहे. वय वाढलं की त्वचेला गारवा उशिरा कळतो. रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या चटकन आखडत नाहीत, कुडकुडणंही कमी होतं. म्हणजे अंग आतून गार होत असतं आणि माणूस मजेत बसलेला असतो. आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेलं की ते धोक्याचं, आणि वयस्कर माणसांत हे घरात बसल्याबसल्याही होऊ शकतं. थंडीत रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यात जास्त येतात. जागतिक आरोग्य संघटनेने थंड दिवसांत घरात निदान १८ अंश तरी असावेत असं म्हटलंय, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी त्याहून थोडे जास्त. म्हातारी माणसं म्हणजे तुम्ही, बाबा. रागावू नका.

(आई, हे एवढं तू वाचू नकोस. बाबा, 'थोडी घेतली की ऊब येते' हे खोटं आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेने अंगातली ऊब निघून जाते.)

तेव्हा झोपायच्या खोलीत एक तापमापक लावा. १८ च्या खाली काटा गेला की खिडकी बंद, मग बाबांना काहीही वाटो. त्याच्या वर असेल तर आईने स्वेटर आणि मोजे घालून अर्धा तास सोसायचं. पांघरुणं दोन वेगळी घ्या, एकाच रजईत दोन हवामानं मावत नाहीत.

आणि आई, मागच्या हिवाळ्यात मी आले होते तेव्हा तू स्वेटरची बटणं लावताना मी तुझी बोटं पाहिली. दोन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती, मग निळसर झाली, आणि पुढे लाल होताना तू हात चोळत "ठणकतंय" म्हणालीस. याला रेनॉ म्हणतात. बहुतेकांत ते साधंच असतं, पण या वयात डॉक्टरांना दाखवायला हवं. सोबत थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, यातलं एक जरी कमी असलं तरी थंडी जास्त वाजते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात, तुझी त्यातली आहे का तेवढं विचार. मनाने बंद मात्र करू नकोस.

बाबा, तिला तुम्हीच घेऊन जा, ती एकटी जाणार नाही. रिपोर्ट आले की फोटो पाठवा, आणि सगळ्या पानांचे पाठवा. गेल्या वेळी फक्त लॅबचा पत्ता आला होता.

तुमची लेक