फ्लॉवर, त्या रात्रीच्या शिव्या परत घेतो

प्रिय मार्क-आंद्रे फ्लरी,

पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुझ्यापर्यंत पोचायची शक्यता जवळपास नाहीच. तरी लिहितोय. आणि तुला 'अहो-जाहो' करत नाहीये, त्याचा राग मानू नकोस. आमच्याकडे आवडत्या खेळाडूला एकेरीतच हाक मारतात. 'सचिन खेळले' असं आमच्या गल्लीत कुणी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

मी सांगलीचा. 2006 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पिट्सबर्गला आलो, तोवर बर्फ पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर. त्या हिवाळ्यात रूममेटनं ओढून पेंग्विन्सच्या, म्हणजे तिथल्या आइस हॉकी संघाच्या, मॅचला नेलं. घुमटाकार छपराचं ते जुनं स्टेडियम, सगळे त्याला 'इग्लू' म्हणायचे. पहिली दहा मिनिटं मला पक, म्हणजे या खेळातला 'चेंडू', दिसलाच नाही. दिसलास तो तू, आमचा गोलकीपर, कारण तुझे पॅड पिवळेधमक होते.

आणि तुझं काम बघितल्या बघितल्या कळलं. सहा फूट रुंद, चार फूट उंच चौकट. तीन इंची रबरी चकती, तीही आधी गोठवून कडक केलेली, ताशी दीडशे किलोमीटरनं अंगावर येते. बाकीचे खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि दमून बाकावर जाऊन बसतात, गोलकीपर मात्र तिथंच. म्हटलं, अरे, हा तर आपला कीपर! कारण मीही कॉलेजात विकेटकीपर होतो. गुडघे वाकवून दिवसभर उठाबशा काढायच्या, शंभर चेंडू नीट धरले तर कुणी बघत नाही, एक बाय गेला की सगळं मैदान वळून बघतं.

तुझं टोपणनाव फ्लॉवर, फ्रेंच आडनावातल्या फुलावरून पडलेलं. आमच्याकडे फ्लॉवर म्हणजे भाजी. रविवारी आईला फोन करायचो तेव्हा मागून रूममेट ओरडायचा, "काल फ्लॉवरनं वाचवलं!" आई काळजीनं विचारायची, "तिकडं भाज्या एवढ्या महाग आहेत का रे?"

आता 4 जून 2008. स्टॅनले कपची, म्हणजे आइस हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या कपची, फायनल, सहावी मॅच, मालिकेत डेट्रॉइट 3-2 नं पुढे. दोनच दिवसांपूर्वी तू त्यांच्या घरी तीन ओव्हरटाइम चाललेल्या मॅचमध्ये 55 शॉट अडवून आम्हाला जिवंत ठेवलं होतंस. आम्ही इग्लूच्या बाहेर, मोठ्या पडद्यासमोर गवतावर बसलेलो. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्रात डेट्रॉइटच्या झेटरबर्गचा शॉट आला, तू अडवलास. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पक तुझ्या पायांमधून सुटून मागे रेषेच्या अलीकडे पडला होता, अगदी निपचित. तो कुठं आहे हे तुला दिसेना. झाकायला म्हणून तू मागे बसलास, आणि तुझ्याच बुडानं तो आत ढकलला गेला. मॅच 3-2 नं गेली, कप डेट्रॉइटनं आमच्याच घरात उचलला, आणि तो निर्णायक गोल तोच.

मला तेव्हा माहीत नव्हतं की तुझ्यासाठी हे नवं नव्हतं. 2004 च्या जानेवारीत हेलसिंकीला, ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला, तू पुढे येऊन मारलेला पक तुझ्याच संघातल्या खेळाडूला लागून तुमच्याच जाळीत गेला होता. कॅनडा 4-3 नं हरला. तेव्हा तू 19 वर्षांचा होतास.

त्या रात्री गवतावर मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. खरं तर तो राग तुझ्यावरचा नव्हताच. आंतरमहाविद्यालयीन फायनलला आमच्याविरुद्ध एक बॅट्समन बारा धावांवर असताना त्याची कड लागली होती. सरळ माझ्या ग्लोव्हजमध्ये. मी अपील करायला हात वर नेतानेता चेंडू सुटला. त्यानं पुढे नव्वदच्या वर काढल्या आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला सांगितलं, गुडघा दुखतोय. ग्लोव्हज माळ्यावर टाकले, ते अजून तिथंच असतील. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वर्षभरानं, 12 जून 2009 ला, तू पुन्हा डेट्रॉइटसमोर उभा होतास. सातवी मॅच, त्यांचं मैदान, आपण 2-1 नं पुढे, आपला कॅप्टन क्रॉस्बी जखमी होऊन बाकावर. शेवटचे काही सेकंद. एक शॉट तू पायानं अडवलास, पक उडून थेट त्यांच्या लिडस्ट्रॉमकडे गेला आणि त्याच्यासमोर अर्धी जाळी उघडी. तू आडवा झेपावलास, पक छातीवर घेतलास. यूट्यूबवर सगळे तेच बघतात. मला मात्र अजून अडतं ते झेपेच्या आधीच्या वर्षापाशी. त्या उन्हाळ्यात तू दुकानात दूध आणायला कसा गेला असशील? मी तर दोन वर्षं मैदानावरून जाणारा रस्ता टाळत होतो.

पण आभार मानायचं कारण वेगळं आहे.

माझा मुलगा गोलकीपर आहे. माझी काही भूमिका नव्हती त्यात. टीममधला गोलकीपर दुसऱ्या गावी गेला आणि कुणी तयार होईना, तेव्हा यानं हात वर केला. 2022 च्या फेब्रुवारीत, अकरा वर्षांचा असताना, एका शनिवारी सकाळी तो 7-1 नं हरला. सातवा गोल त्यानं स्वतःच्या काठीनं आत ढकलला. कपडे न बदलता, पॅडसकट गाडीत मागच्या सीटवर येऊन आडवा पडला. हॉकीच्या बॅगेचा वास ज्याला माहीत आहे त्याला कळेल, गाडीत बसवत नव्हतं. बाहेर उणे सात, काच उघडायची सोय नाही. मी म्हटलं, "अरे, होतं असं." त्यानं तोंड सीटमध्ये खुपसून सांगितलं, "बाबा, प्लीज, नको."

मी गाडी सुरू केली नाही. फोन काढला, 2008 चा तो गोल लावला आणि मागे दिला.

बराच वेळ काही आवाज नाही. मग परत सुरुवातीपासून लावल्याचा आवाज. मग तिसऱ्यांदा.

"हा तोच ना, गोलपोस्टला थोपटतो तो?"

तोच, म्हटलं. पक पोस्टला लागून बाहेर गेला की वळून तिला थोपटणारा. आमच्याकडे पैलवान तांबड्या मातीला हात लावून कपाळाला लावतात तसं काहीतरी, हे मी त्याला पूर्वी सांगितलं होतं.

"याच्यानंतर याला काढलं?"

मग दुसरा व्हिडिओ लावला, ताजा. जून 2021, मॉन्ट्रियल. तू तेव्हा व्हेगासच्या संघात, पुढे होता तुम्ही, दोन मिनिटंही उरली नव्हती. जाळीमागे पक तुझ्या काठीवरून निसटला आणि मॉन्ट्रियलच्या अँडरसननं रिकाम्या जाळीत नुसता टेकवला. ओव्हरटाइममध्ये हरलात, पुढच्या मॅचला तुला बसवलं. त्याच महिन्यात वर्षातल्या सर्वोत्तम गोलकीपरची वेझिना ट्रॉफी तुला मिळाली, छत्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा. पुढच्या महिन्यात तुला शिकागोच्या संघाला देऊन टाकलं. आणि 9 डिसेंबरला त्याच मॉन्ट्रियलमध्ये तू 2-0 नं जिंकलास, एकही गोल न खाता. तो तुझा 500 वा विजय. तोवर तिथं पोचलेले गोलकीपर दोघंच, ब्रोडर आणि रॉय.

पोरगा उठून बसला. म्हणाला, "त्याच रिंकवर?" आणि मग हसायला लागला, कारण 2008 मध्ये तू बसतोस ते खरंच विनोदी दिसतं, माफ कर. तेव्हा त्याला मी सुटलेल्या कॅचची आणि न दुखणाऱ्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. त्यानं विचारलं, "मग तू परत का नाही गेलास?" मला उत्तर देता आलं नाही. गाडी सुरू केली.

सोमवारी तो प्रॅक्टिसला गेला.

2017 बद्दलही लिहायचं होतं. पेंग्विन्सचा दुसरा गोलकीपर मरे वॉर्मअपमध्ये जखमी झाला म्हणून तू आत आलास, वॉशिंग्टनला त्यांच्या घरी सातव्या मॅचमध्ये शून्यावर रोखलंस, पुढे जागा पुन्हा मरेची झाली आणि तू बाकावर. नॅशव्हिलला कप जिंकल्यावर तो तूच मरेच्या हातात दिलास. बायको तेव्हा रडली होती. मी धूळ गेली म्हणालो. पण त्यावर पिट्सबर्गमध्ये इतकं बोललं गेलंय की मी आणखी काय सांगू.

27 सप्टेंबर 2025 ला तुझ्या निरोपाच्या मॅचला आम्ही दोघं होतो. 575 विजयांनंतर, सीझनपूर्वीची मॅच, शेवटचं सत्र तुझं, पुन्हा पेंग्विन्सच्या जर्सीत. चौदा वर्षांचा पोरगा, हल्ली माझ्याशी बोलताना खांदे उडवतो, तो अख्खं सत्र उभा होता. रात्री आईला फोनवर सांगितलं, "फ्लॉवर रिटायर झाला." आई म्हणाली, "आता भाजीवाल्याचं एवढं काय?"

तर, थँक्यू. आणि 4 जून 2008 ला रात्री साडेदहाच्या सुमारास, इग्लूबाहेरच्या गवतावर, शुद्ध सांगलीच्या भाषेत तुझ्या सात पिढ्यांबद्दल मी जे काही बोललो, ते सगळं परत घेतो.

तुझा,
माळ्यावर ग्लोव्हज टाकलेला एक विकेटकीपर