काळी पाच असताना पांढरी एक कशाला?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ठेव मोडायची नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. परवा फोनवर मी "सी ट्रम्पेट घ्यायचाय" एवढंच बोलले आणि तुम्ही लगेच बँकेत जायला निघालात. आईचा प्रश्न मात्र रास्त होता: एक ट्रम्पेट आहे ना, मग दुसरा कशाला?

आई, तुला पट्टीच्या भाषेतच सांगते. माझ्याकडे आहे तो बी-फ्लॅट, म्हणजे काळी पाचचा. कागदावर सी, म्हणजे पांढरी एक, लिहिलेला असतो, मी तो वाजवते आणि ऐकू येते काळी पाच. सी ट्रम्पेट पांढरी एकचा आहे, त्यात लिहिलंय तेच वाजतं. त्याची नळी उलगडली तर साधारण १३२ सेंटिमीटर भरेल, बी-फ्लॅटची १४८. नळी आखूड झाल्यामुळे आवाज जरा उजळ लागतो आणि फुंकर घातली की सूर चटकन उभा राहतो. वाद्यवृंदात पन्नास-साठ जणांच्या मागून नेमका सूर लावायचा असतो, तिथे याचा फार उपयोग होतो.

फ्रान्स आणि अमेरिकेच्या वाद्यवृंदांत हाच रोजचा ट्रम्पेट आहे. जॉर्ज माजेर नावाचे फ्रेंच वादक १९१९ साली बोस्टन सिम्फनीत आले. अमेरिकेत सी ट्रम्पेट रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचे शिष्य अ‍ॅडॉल्फ हर्सेथ १९४८ पासून २००१ पर्यंत शिकागो सिम्फनीत पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य ट्रम्पेटवादक होते, आणि त्यांचा आवाज ऐकून कितीतरी पोरं सी ट्रम्पेटकडे वळली. (जर्मनी-ऑस्ट्रियात वेगळाच प्रकार, तिथे फिरत्या व्हॉल्व्हचे ट्रम्पेट. ते सध्या राहू दे.) ऑडिशनला हमखास विचारतात तो रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन'चा आरंभ, फ्रेंच संगीतकार रॅव्हेलने १९२२ साली वाद्यवृंदासाठी लिहिलेला, तो मुळातच सी ट्रम्पेटसाठी आहे. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, बाकी सगळे गप्प. तो बी-फ्लॅटवर वाजत नाही असं नाही, प्रत्येक सूर मनातल्या मनात एक स्वर वर चढवून वाजवता येतो. पण पुढे शेजारचे दोघे सी ट्रम्पेट वाजवत असताना आपला रंग वेगळा ऐकू येतो, आणि परीक्षकांचे कान तेवढंच टिपतात.

आता खरी गोम. सी ट्रम्पेट लवकर बेसूर होतो, आणि कुठे होतो ते आई तू माझ्याआधी ओळखशील. तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो ना, तोच या नळीतही असतो. एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायची कळ, न दाबता जे सूर निघतात त्यातला पाचवा म्हणजे तो गांधार. पेटीच्या गांधारापेक्षा तो उतरलेला असतो, एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर १४ भाग. तंबोऱ्यापुढे तो अमृत लागतो, पण पियानोच्या साथीला किंवा बासऱ्यांच्या जोडीला वाजवला की लगेच खाली पडल्यासारखा वाटतो. बी-फ्लॅटमध्येही हे आहेच, पण तिथे ओठांनी सांभाळून घेता येतं. सी मध्ये हा गांधार म्हणजे वरचा ई, आणि त्यालाच व्हॉल्व्ह दाबून उतरवलं की ई-फ्लॅट आणि डी, म्हणून तिन्ही याच घरातले, आणि वाद्य नीट घडवलेलं नसेल तर तिन्ही एकदम उतरतात.

यावर वादकांनी वाट काढलेली आहे. गांधाराच्या वरचा सूर, म्हणजे पंचम, बऱ्यापैकी जागेवर असतो. तो धरून पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबला की तीन अर्धस्वर खाली येऊन ई मिळतो, मोकळ्या ई पेक्षा चढा. ई-फ्लॅटला तसंच दुसरा-तिसरा, डीला पहिला-तिसरा. बोटं वेगळी शिकावी लागतात, इतकंच. म्हणून वाद्य बघायला गेले की पहिल्यांदा मी सुंदर धून वगैरे वाजवत नाही. हे तीन सूर नेहमीच्या आणि या वेगळ्या अशा दोन्ही प्रकारच्या बोटांनी, हळू आणि जोरात, लांब धरून वाजवते. ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, मैत्रिणीच्या हातात, माझी त्याच्याकडे पाठ. काटा दिसला की ओठ आपोआप सावरून घेतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो.

सुरांनंतर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या आत वरखाली सरकणारे पिस्टन झिजले असतील तर हवा कडेने निसटते. ते ओळखायला मी दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड, म्हणजे सरकती नळी, व्हॉल्व्ह न दाबता ओढून काढते. 'पॉक्' असा खणखणीत आवाज झाला तर पिस्टन घट्ट आहे, नुसती फुसफुस झाली तर नाही. (हे रोज करायचं नसतं, तपासायला एकदा पुरे.) मग लीडपाइप, म्हणजे माउथपीसला (ओठ लावायच्या तुकड्याला) लागून असलेली पहिली नळी. त्यावर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर पितळेतला जस्त निघून चाललाय आणि नळी आतून कुजतेय असं समजायचं. गेल्या महिन्यात एक चांदीचा मुलामा दिलेला ट्रम्पेट पाहिला, आरशासारखा. मुख्य स्लाइड काढून आत टॉर्च मारली तर पाइपभर ते ठिपके. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "त्याने आवाजाला गोडवा येतो." मी हसून पेटी बंद केली. लीडपाइप बदलता येतो, पण मग 'स्वस्त' वाद्याची स्वस्ताई उरत नाही. बेलच्या, म्हणजे पुढच्या फाकलेल्या तोंडाच्या, कडेला चपटलेलं असेल किंवा हात लागतो तिथलं लॅकर (वरचं रोगण) उडालं असेल तर मला चालतं. कोणीतरी वाजवलंय, एवढाच त्याचा अर्थ.

बाबा, तुम्ही म्हणालात की नवंकोरंच घे, हमी मिळते. पण माझ्या आवाक्यातले नवे सी ट्रम्पेट म्हणजे नाव नसलेले, दिसायला चकचकीत. बी-फ्लॅटमध्ये स्वस्तातलं एक वेळ खपतं, सी मध्ये त्या तीन सुरांपाशी सगळं उघडं पडतं. असा एक तासभर वाजवला. ई इतका खाली, की आधी मला माझाच कान गेला असं वाटलं. जुन्या बी-फ्लॅटला आखूड स्लाइड लावून सी करून देतो म्हणणारेही भेटले, पण बेल आणि लीडपाइप बी-फ्लॅटच्या मापाचेच राहतात, तेव्हा तिकडे मी वळलेच नाही. आमच्याकडे उसना मिळतो त्याचा तिसरा पिस्टन ओलावा धरला की अर्ध्यात अडकतो. सरावाला ठीक, ऑडिशनला नाही.

त्यामुळे जुना पण मुळात चांगला, हे माझं ठरलंय. बहुतेकांकडे सी हा दुसरा ट्रम्पेट असतो. रोजचा घाम बी-फ्लॅटवर निघतो, सी कपाटात राहतो, म्हणून जुने सी बऱ्याचदा कमी झिजलेले मिळतात. बाख या कंपनीचा सी१८० हा मॉडेल सगळीकडे दिसतो, आणि त्यात २२९ क्रमांकाची बेल व २५एच लीडपाइप ही जोडी वाद्यवृंदात रुळलेली आहे. पण बाखचं असं की एक वाद्य दुसऱ्यासारखं नसतं, हातात घेतल्याशिवाय बोलू नये. यामाहाचे सूर जास्त समतोल लागतात. आवाज मात्र मला किंचित पातळ वाटतो. आमचे सर म्हणतात पातळ नाही, तूच फुंकर आखडतेस. असेलही.

आता एक बाखच बघून ठेवलाय, एका निवृत्त वादकाचा. लॅकर जागोजागी उडालंय, तिसऱ्या स्लाइडची अंगठी कोणीतरी पुन्हा डाखलेली आहे, पण पिस्टन घट्ट आणि ई मोकळ्या बोटांनीही सहन होण्यासारखा. त्यांनी आठवडाभर घरी न्यायला दिलाय. सोमवारी कारागिराला दाखवते, तो पिस्टन काढून सिलिंडर मोजेल. त्याने होकार दिला तर अर्धे पैसे आता, अर्धे सहा महिन्यांत. शिकवण्यांचे पैसे साठलेत त्यातून पहिला हप्ता निघतो, पुढचा उन्हाळ्यातल्या लग्नाच्या वाजवण्यांतून निघेल. बाबा, तुम्हाला हातभार लावायचाच असेल तर कारागिराचा खर्च तुमचा. तो तुम्ही देणारच, मी नाही म्हटलं तरी.

आणि एक काम आहे. माझ्या कपाटात मधल्या कप्प्यात मोज्यात गुंडाळलेला एक माउथपीस आहे, त्यावर १½सी असं कोरलंय. आता वाजवते तो ३सी, सी ट्रम्पेटवर त्याचा आवाज टोकदार होतो. १½सीची वाटी मोठी, त्याने आवाज भरेल असं वाटतंय. तो त्याच मोज्यात गुंडाळून पाठवा, धुवायच्या भानगडीत पडू नका. आई, विशेषतः तू. मागे व्हिनेगरमध्ये घातला होतास, त्याचा मुलामा अजून एका बाजूने काळा आहे.

सोमवारी संध्याकाळी कारागीर काय म्हणतो ते फोनवर सांगते. बाबा, तोवर बँकेत नाही.

तुमची,
ताई