दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी खोली बदलली

ड्रेस्डेन, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

आधी एवढं वाचा की मी ठणठणीत आहे, तब्येतीचं काही नाही, पैशाचं काही नाही, कुणाशी भांडण पण झालेलं नाही. बाबा, चष्मा लावून हे आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधेच थांबून फोन लावू नका प्लीज, पूर्ण वाचा मग लावा. फोनवरच सांगणार होते, दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, पण फोनवर आपलं काय होतं माहितीये ना, बाबा म्हणतात "घे, आईशी बोल" आणि आई दोन मिनिटं गप्पच, मग मी पण उगाच "जेवलात का" वर येते.

तर, मी १ तारखेपासून एकटी राहते. त्या दोघींबरोबरचा फ्लॅट सोडला आणि विद्यार्थ्यांच्या बिल्डिंगमध्ये सिंगल रूम घेतली. मार्चपासून वेटिंगवर नाव होतं, सप्टेंबरमध्ये मेल आला, हो-नाही दोन दिवसांत कळवायचं होतं, मी हो कळवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर आई "बघ बाई, तुझं तू" म्हणाली असती आणि त्याचा अर्थ नाही असा असतो हे आपल्या घरात सगळ्यांना कळतं.

व्हिडिओवर तुम्हाला कळलं नाही कारण मी तीच चॉकलेटी चादर मागे लावून बसायचे. आई, तू एकदा विचारलंस पण, "तुझ्या मागचं कपाट कुठे गेलं गं?" आणि मी कॅमेरा फिरवलाय म्हणाले. ते खोटं होतं, सॉरी. त्या रात्री झोपच लागली नाही नीट, म्हणून हे लिहितेय. दादाला सगळं माहीत होतं पण त्याला मीच शपथ घातली होती, त्याला ओरडू नका, सामान उचलताना मी अर्धा तास त्याच्याशीच बोलत होते.

आता हिशेब, कारण बाबा आधी तेच विचारणार. व्हिसासाठी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, तो आकडा तुम्हाला तोंडपाठ आहेच. आधी भाडं २९० होतं, आता ३१५, वीज, पाणी, इंटरनेट धरून. ट्रामचं तिकीट सेमिस्टरच्या फीमध्येच येतं, इथून कॉलेज दोन स्टॉप, त्यामुळे थंडीत वेळ वाचतो. एकच गोष्ट महाग पडली, इथे प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची फी भरावी लागते, घरात टीव्ही नसला तरी! आधी तिघींत वाटून घ्यायचो, आता एकटीवर आली. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, मला पण पटलेलं नाही, पण भरते. शिवाय त्या फ्लॅटमध्ये दिवसभर मराठी-हिंदीच चालायचं, माझं जर्मन एक वर्ष ए-टूच्या, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या पुढे सरकलं नाही, आणि एकीची रात्रपाळी असायची त्यामुळे पहाटे चारला किचनमध्ये भांडी. चांगल्या आहेत गं दोघी, काल पण येऊन गेल्या.

पण खरं सांगू का, हे सगळं मी नंतर जुळवलं. मला एकटीने राहून बघायचं होतं, बस. मी आयुष्यात कधी एकटी झोपले ते सांगा ना, आधी तुमच्यात, मग आजीच्या खोलीत, मग पुण्यात होस्टेलवर तिघी आणि इथे येऊन परत तिघी. आई, तू याचा अर्थ "आता हिला आम्ही नकोसे झालो" असा काढशील हे मला माहितीये, म्हणून आधीच सांगते, तसं अजिबात नाहीये.

पहिली रात्र वाईट गेली, ते पण सांगते, लपवत नाही आता काही. छतावर धुराचा अलार्म असतो, त्याचा बारीक लाल दिवा थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो, मी तो मोजत बसले. घर फार शांत होतं. आजी घोरायची तेव्हा मी उशी कानावर घ्यायचे, आणि त्या रात्री मला तेच घोरणं हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दसरा! आई, निदान याचं समाधान मान, साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि त्या दिवशी मी नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं. मुद्दाम नाही खरं तर, पाट लावताना विसरले, पण गेलं उतू. पाट म्हणजे खोका. लॅपटॉपची पूजा केली, झेंडू नव्हता, शेवंतीची कुंडी आणली. आपट्याचं पान कुठलं मिळायला, खालच्या झाडाखाली पिवळी पानं पडलेली असतात त्यातली दोन आणली, तुमच्या नावाची, वहीत ठेवलीत. आणि श्रीखंड केलं! इथे क्वार्क म्हणून मिळतं, आपला चक्काच जवळजवळ, बांधायची पण फार गरज नाही, साखर घोटली, तू दिलेल्या डबीतलं केशर घातलं. पुऱ्या नाही तळल्या, अलार्म वाजेल म्हणून, ब्रेडशी खाल्लं. हसू नका.

बरं झालं ते उरलं, कारण ३ तारखेला इथे राष्ट्रीय सुट्टी, सगळी दुकानं बंद, आणि माझ्याकडे तांदूळ नाही. रविवारी पण सगळं बंद असतं, आता शनिवारीच सामान भरते. भात-आमटी रोज होते, नाश्त्याला उपमा, रवा इथे कुठेही मिळतो, कणिक इंडियन दुकानातून. दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, हे चक्क करारात लिहिलंय. "दारं-खिडक्या उघड जरा" हे तू फुकट सांगायचीस, इथे सही करून घेतात.

एक फजिती झाली. कचरा टाकायला स्लिपरवर खाली गेले आणि दार मागे आपोआप लॉक झालं, चावी आत, फोन आत. जिन्यात बसून राहिले. शेजारची व्हिएतनामची मुलगी आली, तिने चहा दिला, बिल्डिंगच्या केअरटेकरला फोन लावला. आता एक जास्तीची चावी आधीच्या फ्लॅटमधल्या दोघींकडे आहे. त्यामुळे "रात्री काही झालं तर?" याचं उत्तर: चावी त्यांच्याकडे, शेजारी ती, ॲम्ब्युलन्सला ११२, साध्या दुखण्याला रात्री डॉक्टर हवा तर ११६११७. दारावर चिकटवून ठेवलेत.

आणि बाबा, नदी. मी इथे पोचले तेव्हा तुमचा पहिला प्रश्न "नदी किती लांब?" हाच होता. एल्ब लांब आहे आणि मी सहाव्या मजल्यावर आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये तिचं पाणी ९.४० मीटरपर्यंत चढलं होतं, फुटांत काढलं तर ३१ च्या आसपास, तुम्ही म्हणाल एवढंच? २०१९ च्या पुरात आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचा आकडा सत्तावन्न फुटांच्या पुढे गेला होता. पण दोन नद्यांच्या मोजपट्टीचं शून्य वेगळं असतं, तुमचंच वाक्य.

बाबा, अजून एक. इथे पत्र फ्लॅट नंबरवर येत नाही, बेलवर आणि पेटीवर नाव असेल तरच पोस्टमन टाकतो. म्हणून खाली बेलवर आपलं आडनाव लावलंय, छापील. येता-जाता बघते.

आता तुमच्याबद्दल. बाबा, दिवाळीत स्टुलावर चढून पंखे पुसायचे नाहीत, माणूस बोलवा, पैसे दादा देईल. बीपीची गोळी संपायच्या आठ दिवस आधी आणायची, संपल्यावर नाही. आई, गुडघा दुखत असताना चार किलोच्या चकल्या कुणासाठी? आणि "काही नाही, होतंय कमी" हे मला नको, डॉक्टरांकडे जाऊन आल्याचा फोटो हवा. तुम्ही दोघंच असता तिथे, मला पण भीती वाटते, फक्त मी बोलून दाखवत नाही. जरा ओरडल्यासारखं झालं का? तसं नाही गं.

२६ तारखेपासून इथलं घड्याळ एक तास मागे जाणार, म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ तेव्हा माझे चार. लेक्चर असेल, साडेनऊला करा, आणि तोपर्यंत जागत बसवत नसेल तर सकाळी करू.

झालं वाचून? आता लावा फोन. चादर काढून ठेवलीये, पूर्ण खोली दाखवते, कपाट पण.

तुमची,
चिऊ

ता. क. पार्सलमध्ये दूध-तुपाचं काही चालत नाही, त्यामुळे बेसनाचे लाडू नको. मेतकूट आणि भडंग पाठव, आणि कुकरची रिंग, तीन लिटरची.